नव्या घरात दूध उतू गेलंच न्हाई

मंडळी, आज आमच्या झरी गावात मला हक्काच्या घराची चावी मिळाली. भाड्यानं राहणाऱ्या आमा मजूर बायांसाठी चर्चनं घरं बांधली, अन् एकमेकींच्या विटा आमीच वाहिल्या.

चर्चच्या ताई म्हणल्या, "आता तुमाला घर खाली करा म्हणणारं कुणी न्हाई." अन् त्या पुढच्या घरी गेल्या.

नव्या घरात दूध उतू घालायचं असतंय. मी ठेवलं. दूध वर आलं अन् सवयीनं हातानं गॅस बंद केला. जन्मात कधी थेंब वाया घालवला न्हाई.

माझे कारभारी असते तर हात धरून म्हणले असते, "जाऊ दे की गं." ते भाड्याच्या खोलीतच वारले. शेजारणी आपापल्या घरात दूध तापवायल्यात.

माझं तसंच झाकून हाय. पुन्हा उतू घातलं तर चालतंय का हो? चालत असंल तर कुणीतरी माझा हात धरायला या.