निनोंगवर वाजलेली शिट्टी

जोव्हेलिनचे वडील गेले तेव्हा त्यांची शवपेटी आमच्या वस्तीच्या बास्केटबॉल कोर्टातच ठेवली होती. आमच्याकडे लग्न, मतदान, मयत सगळं त्या एकाच पत्र्याखाली होतं. पेटी हलली, फरशी धुतली आणि दुसऱ्याच आठवड्यात फिएस्ताचे, म्हणजे जत्रेचे, सामने सुरू झाले. गळ्यात शिट्टी अडकवून जोव्हेलिन पंच म्हणून उभी राहिली.

ती रडली नव्हती. मयताला आलेल्यांना कॉफी आणि बिस्किटं देत फिरली होती. "पोरगी दगडाची आहे," बायका कुजबुजायच्या. मला त्यांचा संताप यायचा. मी शेजारीच राहते. त्या मुलीला दुःखसुद्धा जाणवत नव्हतं, भूक जाणवत नव्हती, भात समोर ठेवला तर खायची. पंचांच्या प्रशिक्षणाला नाव वडील असतानाच घातलं होतं, म्हणून ते पुरं केलं, इतकंच.

पहिल्या दोन सामन्यांत तिची शिट्टी वाजलीच नाही. फाउल दिसायचा, पण फुंकेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा. "ए पंच, शिट्टी गिळलीस काय?" पोरं ओरडायची. ती ऐकून घ्यायची.

वस्तीच्या प्रमुख कपिताना नेनिता शेवटी तिला म्हणाल्या, "आज वाजली नाही तर उद्यापासून शहरातून पंच आणते. तुझं दुःख कळतं गं मला, पण मारामारी झाली तर निस्तरायची कुणी?"

"बरं," जोव्हेलिन म्हणाली.

त्या दिवशी रिक्षावाले विरुद्ध मासळीबाजार. रिक्षावाल्यांचा कोच तेम्योंग, म्हणजे जोव्हेलिनचा निनोंग, धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच तिला हातात धरलं होतं. मी गुण लिहायला टेबलाशी होते.

शेवटची मिनिटं, एका गुणाचा फरक. रिक्षावाल्यांच्या एका गड्यानं समोरच्याला सरळ आडवा केला, आणि शिट्टी वाजली! मीच दचकले.

तेम्योंग रेषा ओलांडून तावातावानं आत घुसला. "डोळे आहेत की शर्टाची बटणं? हा फाउल?" त्यानं हात तिच्या तोंडासमोर नाचवला.

आमच्याकडे वडीलधाऱ्याचा हात समोर आला की तो कपाळाला लावायचा. चालायला लागल्यापासूनची सवय. जोव्हेलिननं तो हात धरला आणि कपाळाला लावला.

"देव तुझं भलं करो," तेम्योंगच्याही तोंडून निघून गेलं.

अख्खं कोर्ट खदखदून हसलं. मग मासळीवाले भडकले. "आशीर्वाद घेतेय बघा! सामना विकला!" कपिताना खुर्चीतून उठल्या. संपलं, मला वाटलं.

जोव्हेलिननं त्याचा हात सोडला आणि दोन्ही तळव्यांचा टी केला. टेक्निकल फाउल, गैरवर्तनाचा, तोही कोचवर.

तेम्योंगचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्यावर, पोरी? तुझा ताताय, तुझा बाप इथं असता तर..."

"ताताय नाहीत, निनोंग," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "ताताय गेले. तुम्ही बाकावर बसा."

ताताय गेले, हे तिनं तोवर कुणापाशीही उच्चारलं नव्हतं.

तेम्योंग बसला. कपितानाही बसल्या. तिनं चेंडू मासळीवाल्याच्या हातात दिला. सामना संपेपर्यंत ती हमसून रडत होती, आणि तिनं एकही फाउल सोडला नाही.