दिवेलागणीची ड्यूटी

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद टेबलावर ठेवला आणि माझ्या मित्राला विचारलं, "किती घेता?"

"कधीमधी," तो म्हणाला.

त्याची बायको माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरचं पोटाच्या आतलं चित्र बघत बसलो. नगरच्या त्या दवाखान्यात मी गेलो होतो तो गाडी चालवायला म्हणून. मित्राचे पाय सुजले होते, पँटचं बटण लागत नव्हतं आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. डॉक्टर वयाने आमच्या मुलांएवढे, पण आडपडदा न ठेवता बोलले. लिव्हर कडक झालंय, पोटात पाणी साठायला लागलंय, मीठ कमी करा आणि दारू पूर्ण बंद. "थेंब म्हणजे थेंबसुद्धा नाही, आजोबा."

बाहेर गाडीपाशी आलो. मित्र मागच्या सीटवर जाऊन बसला आणि काच वर केली. वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यामुळं झालं असं मी म्हणत न्हाई. पन त्यांची संध्याकाळ इतकी वर्षं तुमच्याकडंच होती. आता ती तुमीच सांभाळा. दिवे लागले की घरी येऊन बसायचं, ते जेवून झोपेपर्यंत. मला एकटीला ते ऐकायचे न्हाईत."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

आम्ही दोघंही कोल्हारचे. नागापूरच्या एकाच कारखान्यात एकाच वर्षी लागलो. तो लेथवर, मी स्टोअरमध्ये. तेव्हा कारखान्यामागे एकाच खोलीत भाड्याने राहायचो आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी बसायचो. आमच्याकडे 'बसलो' एवढंच म्हणतात, पुढचं सगळ्यांना कळतं. निवृत्त होऊन गावी आलो तसं आठवड्याचं बसणं रोजचं झालं. मी त्याच्या फाटकासमोर स्कूटर उभी करून हॉर्न वाजवायचो, तो चपला घालून बाहेर यायचा, आणि आम्ही प्रवरेवरचा पूल ओलांडून हमरस्त्याकडेच्या परमिट रूमला जायचो. कोपऱ्यातलं टेबल, भाजके शेंगदाणे, उभा चिरलेला कांदा. कधी भांडलो नाही, कुठे पडलो नाही. डाळिंबाच्या भावापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलायचो. त्यामुळे आपण दारुडे आहोत असं दोघांपैकी एकालाही कधी वाटलं नाही.

आता हॉर्न न वाजवता मी फाटक उघडून आत जायला लागलो.

पहिल्या संध्याकाळी वहिनींनी दोघांपुढे लिंबू सरबत ठेवलं. त्याने ग्लास उचलून उजेडात धरला आणि परत खाली ठेवला. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. बाहेर मनमाडकडे जाणारे ट्रक खड्ड्यांत आदळत होते, त्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "कसं वाटतंय?" तो म्हणाला, "बरं हाय." मग बराच वेळ आम्ही गप्प. मला आश्चर्य वाटलं. याच माणसाशी मी रोज तासन्‌तास बोलायचो. ते बोलणं आमचं होतं की ग्लासातलं होतं, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मनात आला आणि मला भीती वाटली.

रोज हेच व्हायला लागलं. अळणी वरण आणि भाकरी त्याच्यापुढे यायची, तो दोन घास खाऊन ताट सरकवायचा. हात थरथरायचे म्हणून तो ते मांडीखाली दाबून बसायचा. वेळ झाली की त्याची नजर दाराकडे जायची. दारात मी खुर्ची टाकून बसलेला. मुद्दाम नव्हे, तिथे वारा लागायचा म्हणून. पण त्याला तसं वाटायचं नाही.

"तुला माझ्या बायकोनं वॉचमन ठेवलाय का रे?" एकदा त्याने विचारलं.

"तसं काय न्हाई."

"मग दार सोड की. मला कशाला असा डांबून बसलाय? जा, तू घेऊन ये तुझी."

ते मला शक्य नव्हतं. थोडीशी घेऊन त्याच्याकडे गेलो असतो तर त्याला लगेच वास आला असता. त्याच्याकडून निघेपर्यंत परमिट रूमचं स्वयंपाकघर बंद झालेलं असायचं, आणि एकट्याने उभ्याउभ्या घ्यायची सवय मला नव्हती. माझी बायको मात्र खूश होती. "चला, तुमचीही सुटली," ती म्हणाली. सुटली कुठे? दिवस मावळायला लागला की माझाही घसा कोरडा पडायचा, चिडचिड व्हायची, जांभया यायच्या. मुलीने पुण्याहून फोन केला, "बाबा, नातीची शाळा सुरू होतेय, या ना पंधरा दिवस." मी सांगितलं, जमायचं नाही. काय काम आहे असं तिने विचारलं. मित्राच्या घरी खुर्चीवर बसायचं काम आहे, असं कुणाला कसं सांगणार?

पावसाळा संपता संपता वहिनी एका संध्याकाळी देवळात गेल्या. भगवतीच्या देवळात ओटी भरायची होती. जाताना त्या मला म्हणाल्या, "तासाभरात येते." त्यांची पावलं लांब गेली तसा तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाला, "चल, पुलापर्यंत चालून येऊ. डॉक्टर म्हनलाय ना चालत जा म्हनून."

पुलापर्यंत आम्ही हळूहळू गेलो. पूल आला तरी तो थांबला नाही. मी दंडाला धरलं. त्याने हात झटकला नाही, नुसता माझ्याकडे बघून म्हणाला, "वढनार हायस का मला? रस्त्यात? लोकांसमोर?"

मी हात सोडला.

परमिट रूमचा मालक आम्हाला बघून इतका आनंदला की विचारू नका. "काका, कुठं गेल्ते? लई दिवस!" म्हणत त्याने फडक्याने आमचं टेबल पुसलं. त्याला आजारपणाचं काही माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर मित्राने टेबलाखाली माझा पाय दाबला. क्वार्टर आली, दोन ग्लास आले. त्याने दोन्हींत ओतली, पाणी घातलं. हात थरथरत होता, पण एक थेंब बाहेर सांडला नाही.

"घे," तो म्हणाला.

"मी न्हाई घेनार."

"मग ऊठ आन जा."

"जानार बी न्हाई."

"असा बघत बसलास तर माझ्या नरड्याखाली कशी उतरायची रे?" त्याचे डोळे भरून आले होते. "एकदा घे. एकदाच, पहिल्यासारखं. मग तू म्हनशील ते करतो."

मला ती किती हवी होती हे माझं मला माहीत. घेतली असती तर त्याला सोबत झाली असती, आणि त्या सोबतीनेच तो आणखी प्यायला असता. न घेता समोर बसलो तर मी पहारेकरीच ठरत होतो. उठून गेलो तर तो एकटा पिऊन रस्त्याने परत येणार, आणि त्या रस्त्यावर ट्रकवाले कुणासाठी ब्रेक मारत नाहीत. मी कांद्याची फोड तोंडात टाकली आणि बसून राहिलो.

त्याने अर्धा ग्लास घेतला. तोंड वाकडं केलं. आणखी एक घोट घेतला आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. "चवच न्हाई," तो म्हणाला. "गोळ्यांनी जीभ मेली बघ."

परत आलो तेव्हा वहिनी फाटकात उभ्या होत्या. तो त्यांच्या बाजूने आत गेला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"मी घेतली न्हाई, वहिनी."

"त्यांनी तर घेतली ना? उद्यापासून येऊ नका तुमी."

दुसऱ्या दिवशी दिवे लागले आणि मी घरातच बसलो. मोकळा झालो असं वाटायला हवं होतं. स्कूटरची किल्ली घेतली, पुलापर्यंत गेलो, कठड्याला टेकून नदीतलं काळं पाणी बघितलं आणि परत आलो. एकट्याने त्या कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसणं मला जमलं नाही. बायको म्हणाली, "अहो, किती येरझाऱ्या घालताय? बसा की." तिच्यासमोर बसलो तरी काय बोलायचं ते कळेना. इतक्या वर्षांत ही वेळ मी घरी कधी काढलीच नव्हती.

आठवडाभराने त्याच्या पोटातलं पाणी काढायला त्याला नगरला नेलं. मला कळलं ते दुधाच्या डेअरीवर, दुसऱ्याकडून. त्याचा मुलगा पुण्याहून येऊन गेला होता. मी फोन उचलायचो, त्याचा नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. वहिनींचा शब्द मोडून जावं तर कसं, आणि जाऊ नये तर कसं?

शेवटी त्याच आल्या. भर दुपारी, पदर डोक्यावर घेऊन. माझ्या बायकोने पाणी दिलं, ते त्यांनी एका दमात संपवलं.

"भाऊजी, या तुमी," त्या म्हणाल्या. "दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडत्यात. जेवत न्हाईत. मी बोलले की म्हनतात, तू माझा मानूस तोडला. मी न्हाई पुरी पडत."

"माझ्या येन्यानं काय होनार, वहिनी? आमी दोघं नुसते बसतो. दोघांचाही जीव गुदमरतो."

त्या जरा हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तुमी चार महिन्यांत गुदमरलात. मी त्या खिडकीत किती वर्षं बसले ठाऊक हाय का? स्कूटरचा आवाज येईस्तोवर भाकरी टाकायची न्हाई, कारन गार झाली की ते खात न्हाईत. ट्रकचा हॉर्न जोरात वाजला की छातीत धस्स व्हायचं. कुनाच्या घरी त्या वेळेला गेले न्हाई, माहेरी चार दिस राहिले न्हाई. तुमचं बोलनं तरी हुतं एकमेकांशी."

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती खाली बघायला लागली. तिची खिडकी कोणती होती, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

त्याच संध्याकाळी मी गेलो. तो फार वाळला होता. पोट उतरलं होतं आणि गळ्याची कातडी लोंबत होती. मला बघून उठून बसला. "आलास?" म्हणाला. मग टीव्हीकडे बघत म्हणाला, "लेका, मला लई भ्या वाटतं रे." चाळीस वर्षांच्या ओळखीत हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, "मला बी." वहिनींनी टीव्ही बंद केला.

आता थंडी पडली आहे. डॉक्टर म्हणतात, सुधारणा नाही, पण बिघडलंही नाही, एवढं धरून चाला. त्याला अजून हवी असते. मलाही असते. पुण्याला जाणं मी पुन्हा पुढे ढकललंय आणि मुलगी रुसली आहे. दारातली खुर्ची मी आत घेतली, तरी त्याची नजर दाराकडे जायची थांबलेली नाही.

पत्ते काढायची कल्पना वहिनींची. दोघांत काही खेळता येत नाही म्हणून त्या तिसऱ्या बसल्या, पाच-तीन-दोनला. लहानपणी त्या भावांना हरवायच्या म्हणे. खरं असावं, कारण आमच्याकडचे हात त्या निर्दयपणे ओढतात आणि मित्र त्यांच्याशी खऱ्याखुऱ्या रागाने भांडतो. परवा पिसायची पाळी त्याची होती. बोटं थरथरली आणि निम्मे पत्ते सतरंजीवर पसरले. वहिनींनी ते गोळा केले, एकसारखे करून पुन्हा त्याच्या हातात दिले, आणि त्याने वाटले. पाच हात करायची आणि हुकूम सांगायची पाळी माझ्यावर आली होती. पानं फारशी बरी नव्हती. दोघं माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते, तेव्हा मी इस्पिक हुकूम बोललो आणि पहिलं पान टाकलं.