चिकाचे हात

लाँड्रीत तिला सगळे तोफ म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण पाठीमागं म्हटलेलं तिला खपत नसे. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टेबलावरचे कपडे, लोकांचे कोट, सगळं तिच्या हाताखालून जायचं. एखादी घडी वाकडी दिसली की ती अख्खी चळत उचलून मुकादमापुढं आपटायची. राग तिच्या नाकावर होता हे खरं, पण उगाचचा नव्हता. आळशी माणूस आणि मुखदुर्बळ माणूस, दोघांचा तिला मनापासून संताप. त्यातल्या दुसऱ्याशी तिचं लग्न झालं होतं.

नवरा वखारीत करवतीवर होता. ओली लाकडं चिरायची म्हणजे झाडाचा चीक अंगावर येणारच. त्याचे तळवे कायम काळे आणि चिकट. दाराची कडी, पाण्याचा पेला, वर्तमानपत्र, हात लागेल तिथं ठसा. त्यावरून सुरुवातीला तिनंच त्याला इतकं फैलावर घेतलं होतं, की तो घरात हाताची घडी घालून बसायला शिकला. लेक तान्ही असताना तिला कोपरांवर तोलून धरायचा. पोर चालायला लागली, शाळेत गेली, वेणी कमरेखाली पोचली, पण बापाचा हात काही तिच्या डोक्यावरून फिरला नाही. "अहो, पहिली आलीय, पाठीवर थाप तरी द्या," म्हटलं की हा हात मागं घ्यायचा. "चीक लागेल." झालं, विषय संपला. असल्या कोरड्या माणसाच्या गळ्यात आपल्याला का बांधलं, असं तिला दर वेळी वाटायचं.

आणि आता, लेक सकाळच्या गाडीनं परगावी नर्सिंग शिकायला निघणार, तर आज या गृहस्थाला माया फुटली. संध्याकाळी वखारीतून आला तो थेट, बॅग भरत बसलेल्या पोरीच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. त्या दिवशी कसलं ओलं लाकूड आलं होतं देव जाणे, हात उचलायला गेला तर केसही बरोबर उचलले गेले. पोर किंचाळली.

भांगापासून कानामागपर्यंत नुसत्या जटा. तोफ हातातलं उलथनं टाकून धावत आली. तोवर नवरा रॉकेलचा डबा घेऊन हजर.

"करवतीचं पातं मी यानंच पुसतो," तो म्हणाला.

"पातं आहे का ते? माझ्या पोरीचं डोकं आहे! ठेवा तो डबा बाहेर, नाहीतर तुमच्याच डोक्यावर ओतीन!"

पोर आरशात बघून रडायला लागली. "आई, कापून टाक सगळे. उद्या अशी कुठं जाऊ मी?"

"कात्रीला हात लावलास तर बघ. इतकी वर्षं ही वेणी मी घातलीय, करवतवाल्यानं नाही."

तिनं स्वयंपाकाच्या तेलाची बाटली आणली. लाँड्रीत डांबराचा डाग आला की आधी तेल, मग साबण, हे तिच्या बोटांना पाठ होतं. नवऱ्याच्या शर्टाच्या बाह्यांनाही ती दर सुट्टीला तेल चोळायची. एकेक बट धरून तिनं तेल मुरवलं, चीक मऊ होऊ दिला आणि फडक्यानं खालच्या टोकाकडं ओढत काढला. तोंडाचा पट्टा अर्थात चालूच. आयुष्यभर हात लावला नाही, आणि लावला तो असा. मुहूर्त तरी काय काढलाय!

केस दाट, तिचे हात दोनच. ती ओरडली, "खांबासारखे उभे काय राहिलात? या, धरा ही बट."

"माझे हात..."

"आणा इकडे ते हात!"

तिनं रागारागानं त्याच्या तळव्यांवर तेल ओतलं आणि फडक्यानं खसाखसा चोळायला लागली. फडकं काळं झालं. दुसरं घेतलं, तेही झालं. आणि खालून हात निघाले. गोरटेले, रेषा असलेले, अंगठ्याखाली जुना व्रण असलेले.

ती थांबली. मग तिच्या डोक्यात जी तिडीक गेली तशी जन्मात कधी गेली नव्हती.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "चमचाभर तेल? शर्टाला चोळत बसले मी, शर्टाला! आणि तुम्ही? तुम्हाला एकदा विचारता आलं नाही?"

"उद्या परत लागणारच होता," तो हळूच म्हणाला.

"मग उद्या परत काढायचा! जेवता ना रोज?"

तो पोरीमागं बसला आणि बट धरली. पोर रडायची थांबली होती आणि मान जराही हलवत नव्हती. शेवटची गाठ त्यानंच सोडवली. कात्री लागली नाही. मग साबणानं केस धुऊन झाले, तरी तो ओल्या केसांवरून हात फिरवत बसला होता, आणि तोफ पाठ फिरवून भांडी आपटत होती.

आवराआवर झाल्यावर तिनं तेलाची बाटली उचलली आणि दारापाशी, त्याच्या बुटांशेजारी दाणकन ठेवली.

"उद्यापासून आधी हे, मग घरात पाऊल."

"आता कशाला?" तो म्हणाला. "ती तर चालली."

तोफेचा आवाज पहिल्यांदाच फाटला.

"आणि मी कुठं चाललेय?"