अप्पांचे चार कोपरे

आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काळ्या रंगाचा मनस्वी राग होता. कापड दुकानदाराला असला राग परवडत नाही, पण होता. कुणी काळी साडी मागितली तर ते निमूट काढून पुढ्यात टाकायचे आणि वर म्हणायचेच, "मोरपंखी बघा की येकदा. लई खुलंल तुमाला." अर्ध्या अंबाजोगाईच्या बायका अप्पांमुळे मोरपंखी नेसल्या असतील.

अशा माणसाच्या कॉम्प्युटरचा पडदा मात्र कुट्ट काळा होता आणि त्यावर बोटभर उंचीची पिवळी अक्षरं. शुगरने त्यांच्या डोळ्यांवर हात टाकला होता. काळ्यावरचं पिवळं तेवढं त्यांना अजून दिसायचं.

कॉम्प्युटर खरं तर माझ्यासाठी आला होता. मी बी.एस्सी.ला होते. गावातले एसटीडी बूथ एकेक करून सायबर कॅफे होत होते. आमच्या ओळखीचा एकजण दवाखान्यात लॅब टेक्निशियन होता, त्याला आम्ही दादा म्हणायचो. त्याने पुण्याहून लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमची, सीडी आणली आणि आम्हाला नादाला लावलं. फुकटातली गोष्ट, आणि वर हवी तशी बदलता येणारी. खिडक्यांच्या कडा बदला, अक्षरं बदला, घड्याळ इकडचं तिकडे न्या, कुणी विचारणारं नाही. दादा, मी आणि माझ्या वर्गातला, कडा गावचा एक मित्र, असे आम्ही तिघं, आणि चौथे अप्पा. घरचं मशीन एकच, पण त्यात माझा डेस्कटॉप वेगळा आणि अप्पांचा वेगळा.

रविवारी दुपारी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत आमची बैठक बसायची. प्रत्येकाने आपापल्या डेस्कटॉपचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, फ्लॉपीवर आणायचा आणि सगळ्यांना दाखवायचा. आधी कौतुक करायचं, मग एक तरी खोड काढायची, असा नेम होता. शेवटी दादा सगळे फोटो एका सीडीवर जपून ठेवायचा. कड्याच्या मित्राचा डेस्कटॉप दर आठवड्याला नवं रूप घ्यायचा. आरपार दिसणाऱ्या खिडक्या, फिरणारे काटे, कोपऱ्यात पाऊसपाण्याचा अंदाज. "अबे, डेस्कटॉप हाय का लग्नाचा मांडव?" दादा विचारायचा. त्यावर मित्र खूश, कारण त्याला ते कौतुकच वाटायचं.

अप्पांच्या डेस्कटॉपवर फक्त तीन बटणं होती, तीन कोपऱ्यांत. वर डावीकडे सोलापूरच्या काकांना मेल, वर उजवीकडे भजनं, खाली उजवीकडे कॉम्प्युटर बंद करायचं बटण आणि त्याच्याशेजारी एक बेढब घड्याळ. खालचा डावा कोपरा रिकामा, "पुढं कायतरी लागंल" म्हणून राखून ठेवलेला. मधे नुसता अंधार. ही मांडणी त्यांची स्वतःची. माऊस वर डावीकडे ढकलत नेला की कधीतरी कोपरा लागतोच, त्याला डोळे लागत नाहीत, हे त्यांनी शोधून काढलं होतं. टायपिंगची परीक्षा तरुणपणीच दिलेली, त्यामुळे इंग्रजी अक्षरांत का होईना, मराठी पत्र ते न बघता लिहायचे.

डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. अप्पांना आंधळं होण्याची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्याहून मोठी धास्ती होती ती दर गोष्टीला कुणाला तरी हाक मारावी लागण्याची. त्या चार कोपऱ्यांत त्यांना कुणाला हाक मारावी लागत नव्हती.

आणि आम्ही तेच मोडलं.

डोळ्यांच्या लेझरसाठी आई त्यांना सोलापूरला घेऊन गेली होती. मागे आम्हा तिघांना प्रेमाचा उमाळा आला. अप्पा परत येतील तेव्हा त्यांना नवा, देखणा डेस्कटॉप द्यायचा. "अप्पांचा लई रोडका हाय," मित्र म्हणाला, आणि मला ते पटलं. आम्ही फॉरमॅट मारला, नवं लिनक्स टाकलं. खाली मधोमध गोल गोल आयकॉनची एक पट्टी, झेंडूच्या रंगाची अक्षरं, पहिल्यापेक्षा मोठी. इतकं सुंदर काम आम्ही स्वतःसाठीही केलं नव्हतं.

अप्पा आले, खुर्चीत बसले. हात सवयीने माऊस वर डावीकडे घेऊन गेला. त्यांनी क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. मग ते काचेला नाक लागेपर्यंत पुढे वाकले आणि म्हणाले, "लई झाक केलंय रे पोरांनो." आम्ही हुरळून गेलो.

त्यानंतर ते कॉम्प्युटरपुढे बसेनात. विचारलं तर म्हणायचे, डोळे शिणतात. मला ते खरं वाटलं, कारण तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

मग एका दुपारी लोडशेडिंगमध्ये दुकानात काळोख झाला होता आणि एका बाईंना अस्तराचं कापड हवं होतं. मी टॉर्च शोधेपर्यंत अप्पा उठले, फळीला हात लावत चार पावलं गेले आणि नेमका तोच तागा घेऊन आले. बाई गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला बरं सापडतं अंधारात."

"कुणी हलवलं न्हाई म्हनून घावतं, माय," ते तागा गुंडाळत म्हणाले. "हलवलं की मी आंधळाच की."

ते दुकानाबद्दलच बोलत होते. आम्हाला बोल लावायचा त्यांचा स्वभावच नव्हता. पण मला त्यांचा तो वर डावीकडे जाऊन चाचपडणारा माऊस आठवला. काळोख होता म्हणून बरं, मला रडता आलं.

राग माझ्या नाकावर असतो. संध्याकाळी तो मी दादावर आणि मित्रावर काढला, जसं काही मी त्यात नव्हतेच. "जसं होतं तसं करा. आत्ताच्या आत्ता." पण करणार कसं? जुनी मांडणी फॉरमॅटमध्ये पुसली गेली होती आणि तिची प्रत आम्हा तिघा शहाण्यांपैकी एकानेही ठेवली नव्हती. होता तो फक्त रविवारचा फोटो. दादाने सीडी आणली, त्यातला फोटो छापून घेतला, आणि काचेवर पट्टी धरून आम्ही अप्पांचा डेस्कटॉप पुन्हा बांधला. तोच काळा, तोच पिवळा, कोपऱ्याजवळचं तेच बेढब घड्याळ. मित्राचा हात शिवशिवत होता. "येक कड तरी गोल करू का?" त्याने विचारलं. मी त्याच्या हातावर चापट मारली.

अप्पांनी माऊस वर डावीकडे ढकलला. मेल उघडलं. आमच्या जिवात जीव आला. "काकाला लिहायचं ऱ्हायलंय," एवढंच म्हणून ते टाइप करायला लागले. पाठमोरे होते, तरी ते हसतायत हे मला कळत होतं.

तेव्हापासून रविवारच्या बैठकीत त्यांच्या डेस्कटॉपची खोड काढणं बंद झालं. दादा नुसता मोठ्याने सांगायचा, "अप्पा, जिथलं तिथं हाय." मग आमच्या डेस्कटॉपकडे वळायचं.

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा दादाने तो राखून ठेवलेला कोपरा माझ्या नावावर केला. तिथे क्लिक केलं की डेस्कटॉपचा फोटो निघायचा आणि माझ्या पत्त्याचं मेल उघडायचं. अप्पा दोन शब्द लिहून पाठवून द्यायचे. दर रविवारी माझ्याकडे तोच काळा चौकोन यायचा, त्यात फक्त घड्याळातली वेळ वेगळी. खाली लिहिलेलं असायचं, "जिथलं तिथं हाय. जेवलीस का?" काळ्या रंगावरून मी त्यांना फोनवर चिडवायचे. पण मेल आलं की दिवसभर मला बरं वाटायचं, कारण ते त्यांनी कुणाला हाक न मारता पाठवलेलं असायचं.

आणि एका रविवारी फोटो उघडला तर आत मोरपंखी. काळा कुठेच नाही. सगळा पडदा भरून दुकानातल्या मोरपंखी साडीचा पदर, त्यावर ती पिवळी अक्षरं नीट वाचताही येत नव्हती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा त्या कड्यावाल्याने हात घातला! त्याला फोन लावायला मी उठलेच होते, तेवढ्यात फोटोखालची ओळ दिसली.

"दादाकडून म्याच लावून घेतलं. कोपरे जिथलं तिथं हायत. मला आता काळं आन मोरपंखी सारखंच. मग तुला कावून काळं दाखवू, माय?"