बादशहा, मोती आणि हैदराबादची मोटार

लोक मला म्हणतात, "जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलीत, म्हणजे जन्मभर शेणच बघितलं असेल!" बघितलं ना. पण शेण रोजच्या रोज उचललं जायचं. किस्से कुणी उचलले नाहीत, ते साठतच गेले. आता एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मधेच शिंगं घुसवतो.

म्हणून आज बैल-म्हशींना बाहेरच उभं करतो. आज फक्त सशांचे.

निजामाचं राज्य होतं. गावाबाहेर, हैदराबादच्या रस्त्याला लागून आमचा सरकारी दवाखाना. मी बावीस वर्षांचा कंपाउंडर. चपराशी वीरभद्रप्पा, त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. मागच्या क्वार्टरमध्ये अप्पा आणि त्यांची बायको गंगव्वा. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या.

आणि कडब्याच्या खोलीत राहायचा बादशहा.

अप्पांनी मुरुमच्या बाजारातून पटक्यात गुंडाळून आणलेला राखाडी ससा. ससा भित्रा असतो असं ज्यांनी लिहिलंय, त्यांनी बादशहा पाहिला नव्हता! मागचा पाय आपटला की कुत्री पळायची. एकदा एक देवणी वळू चार माणसांना आवरेना. बादशहा कडब्यातून आला आणि त्याच्या नाकाला चावला. वळू दोन पावलं मागं सरून थेट जनावर अडकवायच्या खोड्यात जाऊन उभा राहिला, आणि आमची सुई टोचून झाली.

अप्पा तेव्हाच्या डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, बादशाचं नाव बी हजेरीत लावा!"

*

मग आमच्याकडं नवे डॉक्टर आले. हैदराबादचे, चष्मेवाले, सडपातळ. लग्नाला चार महिने झालेले. बरोबर बेगमसाहेबा, एक मोठी पत्र्याची पेटी आणि एक पिंजरा.

पिंजऱ्यात मोती. पांढरीशुभ्र सशीण. बेगमसाहेबांच्या माहेरी तिच्या जोडीला दुसरा ससा होता, तो धाकट्या बहिणीनं ठेवून घेतला. इथं आल्यापासून मोतीनं खाणं सोडलं. बेगमसाहेबांनीही जवळजवळ सोडलंच होतं, पण ते कुणी मोजत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यालगतच्या त्यांच्या क्वार्टरच्या पडद्याआडून निकाल आला, "मोती का दिल इधर लगा तो मैं रहती. नै तो जुम्मे की मोटर से हम दोनों वापस!"

हैदराबादची प्रवासी मोटार दर शुक्रवारी जायची. पेटी उघडलीच नाही. दाराजवळ तशीच भरलेली. डॉक्टरसाहेब घड्याळाकडं बघत नसतील इतक्या वेळा त्या पेटीकडं बघायचे. बायकोवर त्यांचा फार जीव होता, आणि ते त्यांना लपवताही येत नव्हतं.

मोतीला जोडीदार हवा, हे निदान झालं. अख्ख्या तालुक्यात पाळलेला दुसरा ससा एकच. आमचा बादशहा!

*

साहेब बैलांच्या कॉलेजात शिकलेले. ते म्हणाले, "पुराने के घर में छोड देते. घंटे भर में दोस्ती!"

मोतीला उचललं आणि कडब्याच्या खोलीत सोडलं. साहेब आत, मी दाराबाहेर.

घंटा कसला, एक मिनिटसुद्धा गेलं नाही. आत पांढरे केस उडायला लागले. साहेब सोडवायला गेले, तर बादशहा त्यांच्या पायजम्याला लटकला! साहेब गव्हाणीवर चढले आणि तिथून ओरडले, "कंपाउंडर! दरवाजा खोलो!"

मी विचारलं, "कुणासाठी साहेब? मोतीसाठी का तुमच्यासाठी?"

पुढं एकाच बाटलीतलं आयोडीन मोतीच्या कानाला आणि साहेबांच्या घोट्याला लागलं. ओरडले फक्त साहेब.

*

माकणीचा एक शेतकरी गाय घेऊन आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांना शिकवलं.

"सायेब, गाय दुसरीचं वासरू घेत न्हाय, तवा आमी काय करतो? वासराच्या अंगाला गूळ चोळतो. चाटता चाटता माया लागती. लई सोपं हाय."

साहेबांना हे शास्त्रीय वाटलं. मी गूळ कालवला. मोतीला मानेपासून शेपटीपर्यंत माखलं आणि पिंजऱ्यासकट बादशहासमोर ठेवलं.

बादशहानं हुंगलं. गजातून जीभ घालून एकदाच चाटलं. मग पाठ फिरवून तो झोपला.

बादशहाला माया लागली नाही. मुंग्यांना लागली! अर्ध्या तासात भिंतीपासून पिंजऱ्यापर्यंत रांग. साहेब औषधांच्या कपाटात मुंग्यांचं औषध शोधतायत, आणि तिकडून गंगव्वा आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. मोतीला उचललं, आपल्या क्वार्टरमध्ये नेऊन कोमट पाण्यानं धुतलं, आणि चुलीपुढं मांडीवर घेऊन पदरानं पुसत बसली. पुसता पुसता करडईचं एक पान पुढं धरलं.

मोतीनं ते खाल्लं. चार दिवसांतलं पहिलं पान!

पडद्याआडून हे सगळं दिसत होतं. साहेबांना हुकूम आला, "वो कौन है? बुलाओ."

एकीला फक्त उर्दू येत होतं. दुसरीला कानडी आणि कानडीसारखं मराठी. मी म्हटलं, "मधे बोलायला मी येऊ का?" दोघींनीही मला जा म्हणून सांगितलं. ते मात्र मला दोन्ही भाषांत कळलं.

*

गंगव्वाचं माहेर आळंदच्या बाजूला. ती बेगमसाहेबांना म्हणाली, "मी नवी नवरी आले तवा घरातलं कुत्रं मला आत येऊ देईना. सासूनं आपलं नेसतं लुगडं काढून मला नेसवलं. आठ दिस तेच नेसले. कुत्रं गप झालं."

"और सास?" बेगमसाहेबांनी विचारलं म्हणे.

"ती मरूस्तवर भुंकत होती!"

पडद्याआडून हसण्याचा आवाज आला. त्या घरातून तो पहिल्यांदाच येत होता. साहेब रजिस्टर लिहायचे थांबले आणि उगाच पेन पुसत बसले.

त्या दिवशी मोतीच्या अंगाखालची बेगमसाहेबांची जुनी ओढणी बादशहाच्या गवतात गेली, आणि बादशहाच्या घोंगडीचा तुकडा मोतीच्या पिंजऱ्यात. रोज अदलाबदल. बादशहालाही पिंजऱ्यात घातलं, आणि ऑपरेशनच्या जागेत दोन्ही पिंजरे शेजारी शेजारी, मधे चार बोटं जागा.

*

नेमके तेव्हाच जिल्ह्याहून आमच्या खात्याचे प्रमुख, मोहतमीमसाहेब, तपासणीला आले! भरघोस मिशा, काखेत छडी. ऑपरेशनच्या जागेत दोन पिंजरे बघून ते थांबले.

"ये क्या है?"

अप्पा पुढं झाले आणि सलाम ठोकून म्हणाले, "हुजूर, कारंटीन!"

शब्द त्यांनी प्लेगच्या साथीत शिकला होता. मोहतमीमसाहेब खूश झाले. "वाह! पंधरा दिन कोई पिंजरा नै खोलना." मग छडी बादशहाकडं वळली. "इसका नाम?"

आम्ही तिघंही गार! तख्तावर आलाहजरत निजाम बसलेले, आणि आम्ही कडब्यातल्या सशाला बादशहा म्हणतो, हे सरकारी माणसाला सांगायचं कसं? नोकरी गेलीच असती, वर आणखी काय झालं असतं कोण जाणे.

अप्पा म्हणाले, "हुजूर, गरिबाला नाव कुठलं?"

तक्त्यात नर-मादीचा रकाना होता. साहेबांनी मान वर न करता लिहिलं, 'एक नर, एक मादी.' मोहतमीमसाहेबांनी सही केली.

सरकारी हुकमामुळं पंधरा दिवस कुणालाच घाई करता आली नाही. सोळाव्या दिवशी सकाळी बघतो तर दोघं गजाला पाठी लावून झोपलेले. हे आमच्या विद्येनं झालेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

*

आता प्रत्यक्ष भेट. गंगव्वानं अट घातली, "ना हिच्या घरात, ना त्याच्या घरात. तिसरं घर पायजे."

तिसरं घर म्हणजे माझी खोली!

त्या दुपारी बेगमसाहेबा पहिल्यांदा अंगणात उतरणार होत्या. म्हणून साहेब, अप्पा आणि मी, तिघं भिंतीकडं तोंड करून उभे. एक शेतकरी रेडकू घेऊन आला. त्यानं काही न विचारता रेडकासकट तोंड भिंतीकडं केलं.

दोघी ससे घेऊन माझ्या खोलीत गेल्या आणि आतून धपधप आवाज आला. काहीतरी फुटलं, ते माझ्या माठाचं झाकण. साहेबांच्या कपाळावर घाम. मग आतून दोघी बायका खळखळून हसल्या.

"क्या हुआ?" साहेबांनी भिंतीला विचारलं.

त्या दिवसापासून दोन्ही ससे अंगणात मोकळे फिरायला लागले. गंगव्वाकडची ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी पडद्याआड जाऊ लागली, तिकडून खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा येऊ लागला. अप्पा लिंगायत, मटण चालायचं नाही, त्यामुळं त्यातलं खट्ट्याचं भांडं आधी हुंगून बघायचे.

पेटी मात्र भरलेलीच. "अभी देखती," बेगमसाहेबा म्हणायच्या.

*

महिनाही झाला नसेल, बादशहा पुन्हा बिघडला! मोती जवळ आली की गुरगुरायचा, चावायचा. खाणं कमी झालं. छातीवरचे केस झडायला लागले.

साहेबांनी तपासलं, चष्मा पुसून परत तपासलं आणि सांगितलं, "खारिश!" म्हणजे खरूज. मी गंधकाचं मलम चोळलं. बादशहा मलाही चावला. कापसाच्या बोळ्यानं चोळायचं मला अजून कळत नव्हतं.

गुरुवारी मोतीच्या कानाचा लचका निघाला. बेगमसाहेबांनी तिला उराशी धरलं आणि साहेबांना एवढंच सांगितलं, "बस. कल जुम्मा है."

साहेबांनी स्वतः जाऊन मोटारीत जागा सांगून ठेवली.

शुक्रवारी सकाळी गंगव्वा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती. मला म्हणाली, "दोन पोरी दिल्या, त्या कवा येत न्हाईत. ही एक आली होती. आता मला इथं कोण हाय?" मला फार वाईट वाटलं. मी आत जाऊन बाटल्या पुसत बसलो.

त्यातच बादशहा सकाळपासून गायब. अप्पांनी कडबा उपसला, खोडा पाहिला, माझ्या अंथरुणाखाली पाहिलं. "त्याला बी कळलंय," अप्पा म्हणाले. "तोंड लपवून बसलाय."

मोटार आली. भोंगा वाजला. साहेब रस्त्यावर जाऊन ड्रायव्हरला थांबवत होते. पुढच्या सीटवर नेमके मोहतमीमसाहेब, जिल्ह्याहून हैदराबादला निघालेले! मोटार अर्धी भरलेली, सगळे माना बाहेर काढून बघतायत.

मी मोतीचा पिंजरा घेऊन पडद्याबाहेर उभा. अप्पा पेटी उचलायला आलेले. वरून ठेवायची रजई राहिली म्हणून पेटीचं झाकण अर्धवट लोटलेलं होतं. ते लावायला गंगव्वा आत गेली आणि किंचाळली, "पेटीला हात लावू नगा!"

पडद्याआड दोघींची कुजबुज झाली. मग बेगमसाहेबांचा आवाज आला. रडवेला होता की हसरा, ते मला आजही सांगता येणार नाही.

"शादी का दुपट्टा पूरा केसां से भर दी. पाँच हैं. अब मैं कैसे जाऊँ? मोटर को जाने दो."

अप्पांनी पडद्याच्या फटीतून आत पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग दवाखान्याच्या पाटीकडं पाहिलं. आणि पटका सावरत ते रस्त्याकडं धावत सुटले, हात वर करून, सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असं ओरडत:

"जाऊ द्या मोटार! सवारी येत न्हाय! आमचा बादशा बाळंत झालाय!"