बावन्न पुरुषांचे रोट

माझी मुलगी नववीत आहे. गेली दोन वर्षं ती एकाच प्रकारची पुस्तकं वाचते: एखादी मुलगी रोज डायरी लिहिते आहे असं दाखवणाऱ्या विनोदी कादंबऱ्या. त्यातल्या सहा मी वाचल्या. सहाही कादंबऱ्यांत आई थकलेली, भाऊ आगाऊ आणि बाप मठ्ठ. एवढं एकमत आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही होत नाही.

मग तिने स्वतःच तशी डायरी लिहिली. वर्गात वाचून दाखवल्यावर शाळेच्या वार्षिक अंकासाठी ती निवडली गेली. सोमवारी सकाळपर्यंत बाईंना पाठवायची होती. शुक्रवारी तिने फोन माझ्या हातात दिला.

"पप्पा, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?"

"तुम्ही लावता."

मी जळगावच्या एका कारखान्यात पाइपांची जाडी तपासतो. अर्धा मिलिमीटर चुकला तरी माल परत जातो. चुकीचा आकडा समोर दिसत असताना गप्प कसं बसायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

डायरी कानबाईच्या सणाची होती. आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते, तेव्हा सगळे भाऊबंद एका घरी जमतात. कुटुंबातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि त्या पिठाचे रोट करतात. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही, आणि उरवायचे नाहीत.

मुलीच्या डायरीत कुटुंबात बावन्न पुरुष होते, गहू तीन क्विंटल आणि घर तेवीस खोल्यांचं. रोट संपेनात म्हणून नायिका रोज डब्यात रोटच नेते. बाकावरच्या मैत्रिणीला खावंसं वाटतं, पण ती पडली बाहेरची. म्हणून नायिका मधल्या सुट्टीत तिचं लग्न आपल्या तिसरीतल्या चुलतभावाशी ठरवते. आणि रोट बाहेर जाऊ नयेत म्हणून सहा फूट उंच काकू दारात उभी राहून सगळ्यांचे डबे तपासते.

हसू आलं, नाही असं नाही. पण बावन्न? आम्ही चौदा आहोत, त्यातले दोन पाळण्यात. सव्वा मूठ गहू शंभर ग्रॅमच्या आसपास भरतात, मी काट्यावर ठेवून पाहिलंय. चौदा जणांचे झाले एक किलो चारशे. आमच्यात सहा फूट कोणीच नाही. डबे खरोखर तपासणारी माझी भडगावची वहिनी पाच फूट आहे, आणि तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे. मी सगळं दुरुस्त करून फोन परत दिला. काडीसुद्धा घातली. तपशील पूर्ण असावा.

रविवारी आम्ही भडगावला दादाकडे कानबाईला गेलो. बायका रोट लाटत होत्या. वहिनी मुलीला म्हणाली, "वाच ना वं तुनी गोष्ट, ऐकू दे."

मुलगी फोन उघडून हौसेने वाचायला लागली. "आमच्या कुटुंबात चौदा पुरुष..." ती अडखळली. माझ्याकडे बघितलं. पुढच्या ओळीत एक किलो चारशे ग्रॅम. कोणी हसेना. तिचा आवाज बारीक होत गेला, पण वाचत राहिली, आणि "दोऱ्याने बांधलेली काडी" आली तेव्हा सगळ्या बायकांनी एकदम वहिनीकडे पाहिलं. वहिनीने हात पुसून चष्मा काढला, दोरा बघितला.

"हाई मीच ना वं? शाळामा सगळ्या पोरी वाचतीन?"

"काकू, हे मी नाही लिहिलं!" मुलगी रडायलाच आली. "माझी काकू सहा फुटांची होती!"

"सहा फुटांनी? मंग ती मी नही." वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही करं ना हाई?"

"वहिनी, आकडे बरोबर आहेत."

"तेच तं दुखनं शे! हाई अशी छापू नका."

मुलीने फोन माझ्यासमोर आपटला. "उद्या सकाळी द्यायचंय. मी पाठवतच नाही आता. तुम्हीच छापा तुमचा पाइप."

माझी बायको पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "ज्यानं बिघडवलं त्यानं बसावं."

बसलो. आधीचं लिखाण तिने वेगळं कुठे ठेवलेलं नव्हतं, फोनमध्ये एकच प्रत होती आणि तीच मी बदलली होती. मी टाइप करायचं आणि तिने सांगायचं असं ठरलं. लाटता लाटता बायकांनीही तोंड घातलं.

"काकू सहा फूट," मुलगी म्हणाली.

"साडेसहा कर," वहिनी म्हणाली. "आन हातमा सोनाना पाटल्या घाल."

"पुरुष बावन्न."

"कमी वाटतात," माझी बायको म्हणाली.

"मग त्र्याहत्तर. गहू पाच क्विंटल."

त्र्याहत्तर गुणिले शंभर ग्रॅम म्हणजे सात किलो तीनशे. पाच क्विंटल कुठून येणार? मी तोंड उघडलं.

"पप्पा."

मी पाच क्विंटल टाइप केलं. बायका हसत होत्या. वहिनीला तर लाटणं बाजूला ठेवावं लागलं. शेवटी मुलीने एक नवीन वाक्य सांगितलं: नायिकेचे वडील काटा घेऊन रोट मोजायला बसतात आणि मोजून होईपर्यंत दिवाळी येते.

"हे घालायलाच हवं का?"

"हो."

ऱ्हस्व-दीर्घ तेवढं मला तपासू दिलं. मग तिने फोन ओढून घेतला आणि तिथेच बसून बाईंना पाठवून टाकलं.