सोवळ्यातला पट्टा

लग्न होऊन मी किहीमला आले तेव्हा आमचं स्वयंपाकघर माझ्या यजमानांच्या आत्याबाईंच्या ताब्यात होतं. त्या बालविधवा. माहेरी परत आल्या त्याला तेव्हाच एक जन्म उलटून गेला होता. सासूबाई नव्हत्या. देवाचा नैवेद्य, श्राद्धपक्षाचा स्वयंपाक, सगळं आत्याबाई सोवळ्यात करीत आणि मी उंबऱ्याच्या अलीकडे बसून भाजी निवडून देई. पलीकडे पाऊल टाकायची मला परवानगी नव्हती. माझं सोवळं त्यांच्या मते अजून कच्चं होतं.

मग त्यांच्या उजव्या गुडघ्यात संधिवात शिरला. निरगुडीचा शेक झाला, एरंडेल झालं. चुलीपुढच्या पाटावरून त्या भिंत धरून उठत आणि मी बघतेय असं दिसलं की, "हो, म्हातारी झाल्ये, बघ नीट!" म्हणून खेकसत. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याला आधाराचा पट्टा बांधा, नाहीतर चुलीपुढे बसणं सोडा. दुसरं वाक्य आत्याबाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण त्या संध्याकाळी तुळशीपाशी मला म्हणाल्या, "चूल सुटली की मी नुसती जेवायला बसणारी. मग भावाच्या घरात राहायचं ते कोणत्या तोंडानं?"

मला गलबलून आलं. पण तसं दाखवायची सोय नव्हती. कीव केली की त्या आणखी चिडत.

हे मुंबईला नोकरीला होते. आगबोटीने रेवसला उतरून टांग्याने घरी येत. दिवाळीनंतर त्यांनी येताना दोन पट्टे आणले. एक ठेवायचा, दुसरा परत करायचा. एक होता चामड्याचा, बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि पुढे बुटासारखी नाडी. डॉक्टरांच्या मते हाच उत्तम. दुसरा रबर आणि सूत एकत्र विणलेला, पायमोज्यासारखा वर ओढायचा.

चामडं बघताच आत्याबाई झटकन मागे सरल्या. दुखऱ्या गुडघ्याला ही चपळाई कुठून आली, हे मी त्यांना पुढे बरेचदा ऐकवलं.

"मेल्या जनावराचं कातडं बांधून देवाचा भात शिजवू?"

"आत्या, आत लोखंडाचा आधार आहे," हे म्हणाले.

"मग लोखंड तेवढं ठेव."

चामड्याचा पट्टा पुढच्या आगबोटीने परत गेला.

राहिलं रबर. रबराचा उल्लेख कुठल्याच पोथीत नसल्यामुळे मोठी पंचाईत झाली. शेवटी गावच्या भटजींनी निर्वाळा दिला की रबर म्हणजे झाडाचा चीक, वर पट्ट्याला शिवण नाही, तेव्हा चालेल. मात्र सूत आहे, म्हणून रोज धुवून सोवळ्यात वाळवायला हवा.

पट्टा गुडघ्याला मानवला. आत्याबाई भिंत न धरता उठल्या आणि काम नसताना माझ्यासमोरून मुद्दाम येरझारा घालून गेल्या. पण रोज पहाटे विहिरीवर तो धोपटला जाई, पिळला जाई आणि काठीने उंच वलणीवर टाकला जाई. दिवसभर ऊन आणि समुद्राचा खारा वारा. रबराचा जीव तो केवढा! बघता बघता पट्टा ढिला पडला. सकाळी गुडघ्यावर चढवावा तर आमटीला फोडणी पडेपर्यंत तो घोट्याशी येऊन बसलेला असे. रबर धोपटायचं नसतं हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, भटजींच्यासुद्धा.

तेवढ्यात होळी आली. पुरणपोळीचा नैवेद्य म्हणजे अर्धा दिवस चुलीपुढची बैठक. सासरे ओटीवरून हळूच म्हणाले, "यंदा सूनबाईला करू दे." आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर मला चाललं असतं. त्यांचं गप्प बसणं मला सहन होईना.

माझ्या ट्रंकेत माहेरची धाबळी होती. धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं वस्त्र. सुताला विटाळ होतो, लोकरीला होत नाही. ती रोज धुवावी लागत नाही. सासरची चूल हाती येईल तेव्हा नेस, म्हणून आईने दिली होती. तिची घडीही मोडलेली नव्हती. मी कात्री घेतली आणि काठाकडून एक लांब पट्टी कापून काढली. सोवळ्यात शिवलेलं चालत नाही, म्हणून टोकांच्या धाग्यांना नुसत्या गाठी मारल्या.

पट्टी उंबऱ्यावर ठेवून मी लांब उभी राहिले. "लोकर आहे. आवळून गुंडाळा आणि टोक आत खोचा. ऊबही राहील."

आत्याबाईंनी ती उचलली, काठ निरखला. "ही तुझी धाबळी ना? कापलीस? आणि उद्या चुलीपुढे येशील ती काय नेसून?"

"मला कुठे घाई आहे? तुम्ही आहात ना."

त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि गुडघ्याला पट्टी गुंडाळू लागल्या. बराच वेळ गुंडाळत होत्या.

होळीच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी उंबऱ्याच्या अलीकडे बसून गूळ चिरत होते. आतून आवाज आला, "उरलेली धाबळी ठेवल्येस की टाकलीस?"

"ठेवल्ये."

"मग आंघोळ करून तीच गुंडाळून ये. आखूड होईल, होऊ दे, इथे तुला कोण बघतंय? पुरण वाटायला मला माणूस हवंय."

मी आंघोळ करून आत गेले तेव्हा चुलीपुढे त्यांच्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडलेला होता.